तळ्याकाठचं गवत आणि घुंगरांची काठी

खूप खूप पूर्वी, म्हणजे डोंगरांनाही नावं पडली नव्हती तेव्हा, एका माळावर मेंढपाळांचा तळ होता.

तिथं दोन जावा राहायच्या, थोरली आणि धाकटी. चुली शेजारी शेजारी, फक्त कळप वेगळे. आणि थोरलीला धाकटीचं काही म्हणजे काही बघवत नव्हतं, विचारूच नका. धाकटीची भाकरी टम्म फुगली तरी हिचं तोंड वाकडं.

खरं दुखणं होतं काठीचं. दर जत्रेला प्रत्येक कळपातलं एक मेंढरू कापायचे, आणि म्हातारा खाटीक त्याची कलेजी चिंचेच्या फांदीला टांगायचा, सगळ्यांना दिसेल अशी. जिच्या मेंढराची कलेजी सगळ्यात चांगली, तिला घुंगरांची काठी. मग वर्षभर तळ कुठंही हलला तरी ती पुढं, बाकीचे मागं. गेली तीन वर्षं काठी धाकटीकडं होती. तीन वर्षं थोरली तिची पाठ बघत धूळ खात चालत होती.

बरं, धाकटीला एक विचित्र सवय होती. वाटा मिळाला की सगळे घरी पळायचे, ही मात्र खाटकाच्या ओट्यापाशी उभी. कुणाच्याही मेंढराची कलेजी असो, ही वाकून बघणार, बोटानं दाबणार, म्हाताऱ्याचं डोकं खाणार. थोरली सगळ्यांना हसून सांगायची, आमच्या धाकटीला मेलेल्या मेंढरांशीच गप्पा मारायला आवडतात.

त्या वर्षी पाऊस सरला, तळं ओसरलं आणि काठाला असलं हिरवंगार गवत आलं की बघत राहावं. तरी धाकटी कळप घेऊन वरच्या खडकाळ माळावर गेली, जिथं गवत म्हणजे टकलावरचे केस. थोरलीनं लगेच तळ्याचा काठ धरला. दोन महिन्यांत तिची मेंढरं अशी टुमटुमीत झाली की अंगावरची लोकर कमी पडावी.

एका संध्याकाळी धाकटी आली. "अक्का, तळ्याकाठी चारू नका. तिथल्या ओल्या गवतावर बारक्या गोगलगायी असतात, त्यांच्यातली कीड गवताबरोबर पोटात जाते. तिथं चरलेल्या मेंढरांची कलेजी आतून खराब होते, मी ओट्यावर बघितलीय."

थोरलीनं तिच्याकडं बघितलं, मग आपल्या गुबगुबीत मेंढरांकडं. मनातून तिला काय आनंद झाला म्हणून सांगू. शेवटी एकदाचं हिच्या पोटात दुखायला लागलं तर.

"का गं, काठी जाईल म्हणून झोप उडाली वाटतं?"

"काठी तुम्ही घ्या, अक्का. मेंढरं वर आणा फक्त."

थोरलीनं दुसऱ्या दिवशी कळप आणखी आत नेला, पार चिखलापर्यंत. मुद्दाम.

जत्रा आली. थोरलीनं सगळ्यात जाड मेंढा निवडला, नवं लुगडं नेसली, काठी धरायच्या हातात हिरव्या बांगड्याही भरल्या. लोक मेंढा बघून वा वा करत होते. खाटकानं सुरी चालवली, कलेजी बाहेर काढली, आणि टांगलीच नाही.

ती नुसती गाठीगाठींची होती, पांढुरकी, टणक. म्हाताऱ्यानं चिरली, तर आतल्या नळ्यांतून पानासारखे चपटे किडे वळवळत बाहेर आले. कुत्र्यांनाही घालू नका, जाळून टाका, असं तो म्हणाला.

थोरलीनं पहिल्यांदा कुणाकडं बघितलं असेल? धाकटीकडंच. वाटलं, हसत असेल. पण धाकटी पलीकडं उभ्या असलेल्या थोरलीच्या कळपाकडं बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

उन्हाळ्यापर्यंत मेंढरांचे जबडे सुजले, एकेक करत अर्धा कळप गेला. चौथ्या वर्षीही काठी धाकटीकडंच राहिली. तळ हलला तेव्हा थोरली उरलेली आजारी मेंढरं घेऊन सगळ्यात मागं होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आज धूळच उडत नाहीये. पुढं धाकटी अगदी हळू चालत होती, मागच्या मेंढरांना झेपेल तेवढंच.

पुढच्या जत्रेला खाटकाच्या ओट्यापाशी दोघी जावा वाकून उभ्या होत्या.

ज्याच्यावर आपण जळतो, त्याचा मायेचा शब्दही आपल्याला टोमणाच वाटतो, आणि त्यात नुकसान आपलंच होतं.