मैनेची पिल्लं किती?

जनावरं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. मैना कुत्रीचे दिवस भरत आले. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून तिने गोठ्यात जागा मागितली.

"पिल्लं किती, त्यावर जागा," गोठ्याची कारभारीण म्हैस म्हणाली. "माझ्या अनुभवाने, एक."

"दोन तरी होतात, बाई," शेळी म्हणाली.

"डझनभर धरा," कोंबडी म्हणाली, "पण सगळी उबतीलच असं नाही."

मैनेला कुणी विचारलं नाही. तिला अनुभव नव्हता, नुसतं पोट होतं.

शेवटी म्हशीचंच खरं ठरलं आणि मैनेला एका पिल्लापुरता कोपरा मिळाला. सकाळी तिथे पाच पिल्लं दाटीवाटीने दूध पीत होती.

म्हशीने शांतपणे पाहिलं. "माझा अंदाज बरोबर निघाला. एक आहेच. उरलेली चार कुणाची, त्याची चौकशी करा आणि तोवर त्यांना बाहेर ठेवा."