सबनीसांनी आणलेला खोका

"बाबा, छोट्या माणसाला किंमत कधी येणार?"

चपला काढायच्याही आधी सबनीसांनी विचारलं. नूरबाबा फकीर चिंचेखालच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी जरा सरकून जागा करून दिली.

सबनीस म्हणजे निवृत्त हेडमास्तर. पेन्शनीतून घेतलेले शेअर ते किती! पण दरवर्षी कंपनीच्या वार्षिक सभेला जायचे आणि माइकवरून संचालकांना धारेवर धरायचे. छोट्या भागधारकाला कुणी हिंग लावून विचारत नाही, हा त्यांचा जुना संताप. आजही सभेच्या हॉलवरून तरातरा चालत थेट इथंच आले होते, हातात फराळाचा खोका घेऊन.

"आज काय झालं?"

"व्हायचंय काय! मी बोलायला उभा राहिलो आणि निम्मा हॉल उठून बाहेर. का, तर खोके वाटायला लागले! आणि उठले कोण? माझ्यासारखेच, चार-दोन शेअरवाले. ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतो, तेच! अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, आभारी आहोत."

"मग?"

"मग काय... कपाळ!" सबनीसांचा आवाज एकदम उतरला. "बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, बाबा. वर्षभर तो एक प्रश्न मनात घोळवत बसतो. निदान तिथं तरी कुणी ऐकावं... फार एकटं वाटतं हो."

बाबांनी ओट्यावर पडलेला चिंचेचा पाला हातानं बाजूला सारला.

मग त्यांनी खोका पुढं ओढला, झाकण उघडलं. कचोरी, वेफर्स, पेढा.

"कचोरी अजून गरम आहे की! रांग मोठी असेल?"

"छे! पहिली गर्दी ओसरली होती. माझं बोलून झालं तसा तडक बाहेर आलो. नाहीतर संपतात हो."

"तुझ्यानंतर कुणी बोललं नाही?"

"बोलल्या की. एक बाई होत्या, वयस्कर. जाड चष्मा. हातातला कागद नुसता थरथरत होता त्यांच्या."

"काय म्हणाल्या?"

सबनीसांनी तोंड उघडलं... आणि मिटलं.



"ऐकलं नाही," सबनीस खाली बघत पुटपुटले.

बाबांनी हातात घेतलेला पेढा होता तिथं ठेवला. झाकण नीट लावलं आणि खोका सबनीसांच्या मांडीवर ठेवला.

"हा त्यांना नेऊन दे."

"अहो बाबा, भलतंच काय! नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. सभा तर एव्हाना संपली असेल. आता कुठं शोधू त्यांना?"

"हॉलच्या पायऱ्यांवर बघ. घरी जायची घाई त्यांनाही नसेल."