सत्तावीस शंका

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका कॉलेजात निर्मला पाडवी चार महिन्यांपूर्वी मराठी शिकवायला रुजू झाल्या. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी कुणी फारसं बोलत नसे, म्हणून मधल्या सुट्टीत त्या बाहेर पायऱ्यांवर बसत. हळूहळू मुलं तिथे येऊन बोलू लागली.

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख चांदोरकर सर यांना ते खुपलं. भर बैठकीत प्राचार्यांसमोर त्यांनी सुनावलं, "मुलांशी एवढी सलगी बरी नव्हे, मॅडम. मी तीस वर्षं अंतर राखून शिकवतोय. माझ्या वर्गात आजवर एकालाही शंका आली नाही!"

"येतात, सर," निर्मला शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी पर्समधून एक कागद काढला. "तुमच्या विषयाच्या सत्तावीस शंका मुलांनी माझ्याकडे आणल्यात. मला भौतिकशास्त्र येत नाही. उत्तरं तेवढी तुम्ही द्या."

प्राचार्यांसकट सगळे हसले. बैठक संपल्यावर मात्र जो तो आपल्या वाटेने गेला. फक्त चांदोरकर सर तो कागद वाचत मागे थांबले.

"ही पहिली शंका सुरमीची? ती तर वर्गात तोंडच उघडत नाही."

"नावानं हाक मारली की बोलते, सर."

सर मान खाली घालून निघून गेले. रिकाम्या खोलीत निर्मलांना जाणवलं, आपल्याला इथे अजून सगळे नुसतं 'नव्या मॅडम' म्हणतात.