उजेड कुणाच्या गालावर मोजला

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना स्वतःचा पहिला सिनेमा दाखवायला घेऊन गेला, आणि गुरू खुर्ची सोडून थेट पडद्याला नाक लावून उभे राहिले. त्यांनी असं का केलं, हे कळायला आधी सिनेमाची हकिकत सांगायला हवी.

त्या बंदरगावात गोऱ्या वर्णाचे लोक टेकडीवर राहत आणि काळ्या वर्णाचे मिठागरात राबत. मिठागरातल्या एका पोरावर भरबाजारात चोरीचा आळ आला आणि जमावानं त्याला मरेपर्यंत मारलं. चोरी झालीच नव्हती हे मागाहून उघड झालं, तरी गाव म्हणत राहिलं, "पोर माजलेलं होतं. नजरेला नजर देऊन उभं होतं." त्याच्या आईचं म्हणणं एवढंच होतं, "माझं पोर माजलं नव्हतं, भ्यालं होतं. म्हणून जागचं हललं नाही. तेवढं लोकांना दाखवा." शिष्यानं तिला शब्द दिला आणि सिनेमा काढला.

पहिल्या खेळाला गाव लोटलं. लोक हुंदके देऊन रडले, आणि शिष्याला धन्य वाटलं. पण बाहेर पडताना जो तो सिनेमातल्या गोऱ्या अंमलदाराविषयी बोलत होता. हा अंमलदार उशिरा पोचतो आणि प्रेतापाशी उभा राहून डोळे पुसतो. त्या दिवशी बाजारात हजर असलेला मिठाचा एक व्यापारी पान चघळत म्हणाला, "अंमलदार फार छान दाखवलात. पोराचा माजही अगदी बरोबर." ते ऐकून पोराची आई निघून गेली.

आता मेला कोण आणि लोक रडले कुणासाठी? शिष्य चक्रावला. संवाद सगळे पोराच्या बाजूचे होते, नटानं जीव ओतला होता. मग चुकलं कुठं? शेवटी तो गुरूंकडे गेला आणि त्यांना सिनेमा दाखवायला घेऊन आला. गुरूंचा जन्म कॅमेऱ्यामागे गेला होता.

गुरूंनी मारहाणीचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. मग ते उठले आणि पडद्यापाशी जाऊन, चष्मा वर-खाली करत, निरखू लागले.

"काय शोधताय, गुरुजी?"

"पोराचे डोळे. कुठं ठेवलेत?"

शिष्यानं पाहिलं. प्रसंगाच्या शेवटी येणाऱ्या अंमलदाराच्या पापणीवरचं पाणीसुद्धा स्पष्ट दिसत होतं. पोराच्या चेहऱ्याच्या जागी मात्र अख्ख्या प्रसंगात एक काळा डाग होता आणि त्याला दोन कान होते.

"उजेड मोजताना मीटर कुणाच्या गालापाशी धरला होतास?"

"अंमलदाराच्या. सगळा प्रसंग त्याच मापावर कॅमेरा लावून घेतला. गोरा चेहरा नीट आला की झालं. सगळे तसंच करतात."

"सगळे करतात म्हणूनच विचारतोय," गुरू म्हणाले. "अन्याय तू मनातून काढलास, हाताच्या सवयीत तो राहून गेला. अरे, चेहरा दिसला नाही की पाहणारा तिथं आपल्या मनातलं काहीतरी बसवतो. तो व्यापारी माज घरूनच घेऊन आला होता. बाजारातल्या जमावानंही त्या दिवशी वेगळं काय केलं असेल? पोराची बाजू घ्यायची तर आधी त्याच्या तोंडावर उजेड पाड, बाबा. मग बोल."

शिष्यानं तो प्रसंग पुन्हा चित्रित केला, या वेळी मीटर पोराच्या गालापाशी धरून. आता पडद्यावर अंमलदाराचा चेहरा उजेडात पांढराफटक होऊन पुसला गेला. अंमलदाराचं काम करणारा नट कुरकुरला, "मी ओळखूच येत नाही." गुरूंना हसू आलं. "गंमत बघ," ते शिष्याला म्हणाले, "याची तक्रार लगेच आली."

दुसऱ्या खेळाला पोराची आई आली. व्यापारीही आला, नवीन काय केलंय ते बघायला. पडद्यावरचं पोर मार खाता खाता गर्दीत ओळखीचं कुणी दिसतंय का ते शोधत होतं, एकेका तोंडावर त्याची नजर थांबत होती. प्रेक्षागृहात या वेळी कुणी हुंदका दिला नाही.

सिनेमा संपला. लोक मान खाली घालून बाहेर पडले. व्यापारी बसूनच राहिला. मग तो मागच्या रांगेतल्या पोराच्या आईकडे वळून म्हणाला, "बाई, पोर भ्यालेलं होतं हो."

"व्हय," ती म्हणाली. "तुम्ही व्हता की तिथं."

व्यापारी उठून गेला नाही.