हळदीचा पंचा लाल झाला तेव्हा

खूप खूप पूर्वीची गोष्ट आहे हं. इतक्या पूर्वीची, की तेव्हा नदीला नावसुद्धा नव्हतं. सगळे नुसतं 'नदी' म्हणायचे. आणि एखादा प्राणी बोलला तर कुणी दचकायचं नाही.

तर त्या नदीकाठी दोन गावं होती. वरच्या अंगाला विणकरांचं गाव. खालच्या अंगाला कुंकू बनवणाऱ्यांचं. विणकर सूत धुऊन पांढरंशुभ्र कापड विणायचे, खालचे लोक हळद कुटून कुंकू करायचे. दोन्ही गावांत सोयरीक व्हायची, भांडणंही व्हायची. म्हणजे सगळं छान चाललं होतं!

खालच्या गावात एक पद्धत होती. नवरीला हळद लागली की अंग पुसलेला पंचा सगळ्या बायका वाजतगाजत नदीवर नेऊन बुचकळायच्या. पिवळाधमक पंचा, पिवळाच बाहेर यायचा.

त्या वर्षी काय झालं, पंचा पाण्यात घातला आणि लालभडक होऊन बाहेर आला!

अहो, काय जल्लोष झाला! "देवीनं कुंकू लावलं! आपल्या पोरीला स्वतः देवीनं कुंकू लावलं!" बायका नाचायला लागल्या. नवरीची आत्या तर रडायलाच लागली.

नवरी मात्र पंचा हातात घेऊन निरखत होती. लहानपणापासून घरात तिनं हेच तर पाहिलं होतं. हळद पिवळी, तिला चुन्याचा नाहीतर राखेचा खार लागला की लाल. त्यात देवीचा हात नसतो, खाराचा असतो. मग नदीत खार आला कुठून?

तेवढ्यात दगडामागून एक पाणमांजर डोकं वर काढून म्हणालं, "झाला का नाच? माझे डोळे कधीपासून चुरचुरतायत. मासे पोटं वर करून वाहत गेले. पिल्लं उपाशी आहेत. आणि तुम्ही ढोल वाजवताय!"

"आधी का नाही सांगितलंस?" नवरी म्हणाली.

"सांगितलं होतं. तुझ्या काकांना. त्यांनी चप्पल फेकून मारली."

नवरीनं घरी जाऊन जुन्या धोतराच्या चिंध्या फाडल्या, हळदीत बुडवल्या, सावलीत वाळवल्या. मग निघाली नदीच्या काठाकाठानं वर. तिला हळदीच्या अंगानं एकटीला कसं सोडणार, म्हणून आत्याही निघाली, धापा टाकत, बोल लावत. पाणमांजर पाण्यातून.

थोडं चालायचं, एक चिंधी बुडवायची. लाल. पुन्हा चालायचं, पुन्हा चिंधी. लाल. वर जावं तशी जास्तच लाल! विणकरांच्या गावाखालच्या ओहोळापाशी तर क्षणात लाल झाली. गाव ओलांडून वर गेल्या, चिंधी बुडवली, आणि ती पिवळीच राहिली.

आत्या मटकन खाली बसली. कारण हे गाव म्हणजे नवरीचं होणारं सासर! लग्न परवावर आलेलं.

"बाई गं, आत्ता गप्प बस," आत्या म्हणाली. "लग्न होऊ दे. मग सांग हळूच."

"आत्या, लग्नानंतर मी त्यांची सून. सुनेनं तोंड उघडलं तर म्हणतील, आली आणि शिकवायला लागली. आज निदान पाहुणी आहे."

"आणि लग्न मोडलं तर?"

 नवरीला तो मुलगा आवडला होता हो. मनापासून आवडला होता. पण पाणमांजर खाली पाण्यात डोळे चोळत बसलं होतं. ते बघून ती गावाकडे वळली.

सासऱ्यांच्या अंगणात मोठमोठ्या कढया चढल्या होत्या. यंदा सगळ्या राज्याला पांढऱ्या कापडाची हौस लागली होती, म्हणून खाराच्या पाण्यात सूत उकळायचं काम दिवसभर चालायचं. उकळून झालं की उरलेलं पाणी सरळ ओहोळात.

नवरीनं हात जोडले, सगळं सांगितलं, चिंध्या दाखवल्या.

सासरे भडकले. "हळदीच्या अंगानं सासरी येऊन आमचं वाटोळं करतेस? आम्ही काय मळकं कापड विकायचं? जा, नाही करायचं हे लग्न!"



तेव्हा कढईपाशी बसलेली होणारी सासू उठली. तिनं लाल चिंधी हातात घेतली. तिचे हात भेगांनी फाटलेले होते. ती म्हणाली, "आमच्या पोरींचे पाय ओहोळात सोलवटतात, आम्ही म्हणायचो दृष्ट लागली. मासे गेले, आम्ही म्हणायचो कोळ्यांनी उपसले. आज कुणीतरी खरं सांगितलं." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही तिला घालवताय? तिनं लग्न पणाला लावून सांगितलं हो आपल्याला!"

सासरे चुळबुळले. "पण मग करायचं काय?"

इतका वेळ धापा टाकणारी आत्या बोलली, "अहो व्याही, लाल झालेल्या हळदीवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी होते! आंबटानं खार मरतो."

पिळून दाखवलं. झाली की पिवळी! सासरे बघतच राहिले.

मग काय, विणकरांनी मोठा हौद बांधला. खाराचं पाणी पुन्हापुन्हा वापरायचं, अगदी निकामी झालं की हौदात सोडायचं, चिंचेचं आंबट पाणी घालायचं आणि हळदीची चिंधी बुडवायची. पिवळी राहिली तरच ते पाणी ओहोळात. दोन्ही गावांतल्या बायका चिंध्या घेऊन घरोघर फिरल्या, लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना करून दाखवलं. काकांनी तर पाणमांजराची हात जोडून माफी मागितली. ते म्हणालं, "माफी राहू दे, मासे येऊ देत."

पावसाळा आला, नदी भरून वाहिली, आणि मासे खरंच परत आले. मगच लग्न झालं.

जेवणावळीत सासूनं पहिलं ताट वाढलं ते नवरीसमोर. लोक ओरडले, "अहो, पहिलं ताट नवरदेवाचं!"

"नवरदेव रोजच जेवतो," सासू म्हणाली. "आपली चूक वेळेत सांगणारी माणसं रोज येत नाहीत." आणि तिनं स्वतःच्या हातानं नवरीला पहिला घास भरवला. नवरदेव हसत हसत शेजारी बसला आणि त्यानं दुसरं ताट पाणमांजराकडे सरकवलं.

तात्पर्य: जो आपल्याला वेळेवर कडू सत्य सांगतो, त्याच्यावर रागावू नये, आधी त्याचे आभार मानावेत.