हरगवण्याचा पहिला घास

हरगवण्यात पाहुणा जेवायला बसला, की पहिला घास घरचा माणूस घेतो, आणि तोही पाहुण्याच्या पानातला. नवखा माणूस बिचकतो. उष्टं पान पुढ्यात आलं म्हणून मागे एक जावईबापू तडक उठून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले होते. त्यातून आग्रह करायची इथे पद्धत नाही. 'अजून घ्या', 'लाजू नका' असलं काही कानावर पडत नाही. म्हसोबाच्या बांधाजवळ राहणाऱ्या हौसाबाईंना कारण विचारलं, तर त्या आधी विचारणाऱ्याला खाली बसवतात आणि मग तुळसाची हकीकत सांगतात.

तुळसा भोरवंडची, म्हणजे वर डोंगरात दिसतं त्या गावची. हरगवण्याच्या रायाजी पाटलाच्या लेकाला, जिवाजीला, ती दिली होती. दोन्ही गावांच्या शिवेवर एक झरा होता आणि त्याच्या पाण्यावरून तीन उन्हाळे डोकी फुटत होती, असं सांगतात. भोरवंडच्या बाजूने पुढे असायचा तो तुळसाचा पाठचा भाऊ, म्हाळू. तो होता तोवर झरा हरगवण्याला मिळणार नव्हता. सासरची घागर रिकामी आणि भावाच्या कपाळाला फडकं, दोन्ही तुळसालाच बघावं लागे.

एक दिवस रायाजीने बेलभंडारा उचलला. भांडण मिटवू, म्हाळूला जेवायला बोलवू, म्हणाला. देवाची शपथ घेतल्यावर शंका कोण काढणार? तुळसा स्वतः डोंगर चढून बोलावणं घेऊन गेली.

"अक्का, तू रांधणार असशील तर येतो," म्हाळू म्हणाला. "त्या घरात दुसऱ्या कुनाच्या हातचं मी खायचा न्हाई."

उतरताना ती वाटभर ओव्या म्हणत आली म्हणे.

म्हाळूचा जीव शेंगोळ्यांवर, म्हणून तिने हुलग्याचं पीठ मळून शेंगोळी वळली. लसूण-मिरचीच्या रश्शात ती रटरटून शिजल्यावर तिने म्हसोबाचा नैवेद्य काढला. देवाच्या आणि पाहुण्याच्या आधी अन्न जिभेला लावायचं नाही, हा तेव्हा दोन्ही गावांचा नेम, आणि तुळसा नेमाची पक्की. नैवेद्य घेऊन ती बांधाकडे निघाली तेव्हा जिवाजी म्हणाला, "तू जा. चुलीपाशी मी बसतो." सात वर्षांच्या संसारात हा माणूस चुलीकडे फिरकला नव्हता. तुळसाला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. हौसाबाईंचा आवाज चढतो तो इथेच.

भरदुपारी म्हाळू पानावर बसला. आधी पाहुण्याने जेवायचं म्हणून बाप-लेक समोर हात जोडून उभे राहिले. दोन घास घेऊन म्हाळू थांबला.

"अक्का, कडवट लागतंय गं."

"लसूण करपला असंल. खा, गरम हाय तवर खा," असं म्हणून तुळसाने पळीभर रस्सा आणखी वाढला.

बहिणीचं मन कशाला मोडा म्हणून तो खात राहिला. पान अर्ध्यावर आलं आणि त्याचा हात पानातच राहिला.

तुळसाने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "आबांनी सांगितलं व्हतं," एवढंच तो बोलला. ती बांधावर गेली तेवढ्यात कसल्याशा विषारी रानमुळीची पूड त्याने रश्शात ढवळली होती.

ती रडली नाही, असं सांगतात. भावाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. "इख तुमचं," ती म्हणाली, "पर हात माझा व्हता. आन् खा म्हनून बी मीच सांगितलं." मग तिने त्याचं अर्धं पान पुढे ओढलं आणि जेवायला लागली. जिवाजीने धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"आता कशापायी धरता? मघाशी सवताचा हात धरायचा व्हता."

मनगट सोडवून तिने पान पुसून खाल्लं. तोवर दारात गाव जमलं होतं, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "हितनं फुडं ह्या गावात पाहुन्याच्या आधी घरच्यानं घास गिळावा. आन् खा म्हनून कुनी कुनाला सांगू नये." दिवस मावळायच्या आत तीही गेली.

झरा हरगवण्याला मिळाला, पण गावात पाहुणा येईना. वाटसरू पाण्याला थांबेना, कोणी मुलगी देईना. असे किती पावसाळे गेले कोण जाणे. शेवटी केस पांढरे झालेल्या जिवाजीने सगळ्यांना दिसेल अशी भर अंगणात चूल मांडली, आपल्या हाताने शेंगोळी केली आणि म्हाळूच्या मुलाला बोलावणं धाडलं. तो आला. जिवाजीने त्याच्या पानातला पहिला घास गिळला आणि गप्प बसला. खा म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं. रश्शावर साय धरली, उन्हं कलली, तरी दोघे तसेच बसून होते. मग म्हणे त्या पोराने आपणहून पानात हात घातला.

आजही हरगवण्यात पाहुण्यासाठी चूल अंगणात पेटते. भाऊबीजेला बहीण ओवाळून झाल्यावर भावाच्या ताटातला घास आधी स्वतः खाते. हौसाबाईही हकीकत संपवून शेंगोळ्यांचं ताट पुढे ठेवतात, त्यातला एक घास खातात, पदराला हात पुसतात आणि भोरवंडच्या डोंगराकडे बघत बसतात. ताट निवत असतं, पण त्या काही बोलत नाहीत.