कनककुंभाचा उत्सव

एका राज्यात उत्सव इतके वाढले होते की त्यांना वर्षाचे दिवस अपुरे पडू लागले. राजा मणिध्वज गादीवर बसला त्या दिवसाचा उत्सव, त्याने पहिला वाघ मारला त्या दिवसाचा उत्सव, त्याच्या पांढऱ्या हत्तीचा वाढदिवस, आणि त्या हत्तीवर नवी अंबारी चढली त्याही दिवसाचा उत्सव. एकाची तोरणे उतरवावीत तोच दुसऱ्याची चढत. पुढे पुढे उतरवणेच बंद झाले, आणि ताज्या झेंडूखाली जुना झेंडू कुजत राहिला.

राजाला एक थोरली बहीण होती. तिचे नाव मृणालवती. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच मणिध्वजाला लहानाचे मोठे केले आणि त्याच्या कपाळी राजतिलकही तिनेच लावला. म्हणून प्रत्येक उत्सवात पहिले औक्षण तिचे असे. तबक धरून धरून तिचे मनगट भरून येई, आणि हसून हसून गाल दुखत. नगरातले लोक तिला ताईसाहेब म्हणत.

एवढा खर्च येई कुठून? राजाला तळ्याच्या गाळात एक कनककुंभ सापडला होता. त्यातून कितीही सोने उपसावे, सकाळी तो काठोकाठ भरलेला.

"प्रजेवर एका कवडीचाही भार नाही," प्रधान शीलभद्र दरबारात सांगे. "उलट माळ्यांना काम मिळते, वाजंत्र्यांना काम मिळते, आणि प्रजेचे मन रमते."

पण प्रजेचे मन रमत नव्हते. नगरात एक विचित्र गोष्ट घडू लागली होती. बाजारातून टोपलीभर जोंधळा घेऊन निघालेली बाई घराचा उंबरा ओलांडी, तेव्हा टोपलीत चार मुठी उरलेल्या असत. तेलाची बुधली वाटेतच हलकी होई. मिठाचा खडा हातात धरला असता हातातच झिजे. बायका दुकानदारांशी भांडल्या, दुकानदार देवाशी भांडले. मग सगळे थकले आणि गप्प झाले. शिंगे वाजली की मात्र सर्वांना रस्त्यावर यावे लागे, कारण जयजयकार करायला कोतवालाचे शिपाई घरोघर हाक देत.

एके दिवशी, कसल्याशा औक्षणानंतर, मृणालवती तबक मांडीवर घेऊन बागेत बसली होती. तेथे जांभळीच्या फांदीवर एक भारद्वाज येऊन बसला. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते, आणि तो मनुष्यवाणीने बोलत असे.

"ताईसाहेब," भारद्वाज म्हणाला, "कुंभ कशाने भरतो ते पाहिलेत?"

"नाही."

"पाहावे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खजिन्यात गेली आणि तिने कुंभात डोकावून पाहिले. तळाशी एक जोंधळ्याचा दाणा उगवला. तो वर वर आला आणि त्याची सोन्याची मोहर झाली. मागून तेलाचा थेंब आला, त्याचीही मोहर झाली. मिठाचा खडा आला, गुळाची ढेप आली, कुणा पोराच्या पायातले घुंगरू आले. सारे वर येता येता सोन्याचे झाले. तिने कुंभाला कान लावला, तर आतून रिकाम्या मडक्यांत फिरणाऱ्या पळ्यांचा आवाज येत होता.

ती तशीच भावाकडे गेली आणि जे पाहिले ते सांगितले. पण कुंभाच्या शापाने राजाचे कान बांधले होते. ती बोलत होती, आणि त्याला चौघडाच ऐकू येत होता.

"ताई, तू फार दमलेली दिसतेस," तो मायेने म्हणाला. "तुझ्या विश्रांतीप्रीत्यर्थ आपण एक उत्सव करू."

आणि त्याने तो केला. हत्ती आले, दारूकाम झाले, आणि विश्रांतीच्या उत्सवात मृणालवती दिवसभर उभी होती.

तो संपताच तिने साधे लुगडे नेसले, भारद्वाजाला खांद्यावर घेतले आणि ती नगराबाहेर पडली. कुंभ घडवणारा मांत्रिक वज्रदंष्ट्र दगडी अरण्यापलीकडे राहतो, असे पक्ष्याने तिला सांगितले होते. त्या अरण्यातली झाडे दगडाची होती आणि ती जागा बदलत, त्यामुळे पुढे चालणारा माघारी येई. म्हणून मृणालवती पाठमोरी चालली. तिच्या टाचा फुटल्या, पण ती पोचली.

वज्रदंष्ट्राच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता. तो गुहेच्या दाराशी उन्हात बसून पेज पीत होता.

"तू कनककुंभासाठी आलीस," तो म्हणाला. "सगळे शेवटी त्यासाठीच येतात."

"असली वस्तू का घडवलीत?"

"एका राजाने मागितली, म्हणून. प्रजेला भार न वाटता खर्च करायचा आहे, असे तो म्हणाला. मी त्याला म्हटले, भार तर होईलच, फक्त तो कुठून आला ते कळणार नाही. त्याला तेवढे पुरेसे वाटले."

"मी तो फोडून टाकीन."

"फोडलास तर आत गेलेले कायमचे गेले. ते माघारी हवे असेल तर तीन गोष्टी कर." त्याने पेजेची वाटी खाली ठेवली. "कोणी हुकूम न करता झालेला आनंदाचा गजर आण. तो ठेवायला मी तुला शंख देतो. मग ज्या घरी उद्याचे खाणे नाही, त्या घरातून न मागता मिळालेले मूठभर धान्य आण. या दोन्ही गोष्टी राजाच्या पानाशी घेऊन जा. आणि तिसरे म्हणजे, ज्याच्यासाठी उत्सव आहे त्याने भर उत्सवात एक शब्द उच्चारावा: पुरे."

"इतकेच?"

"इतकेच." मांत्रिक हसला, पण त्या हसण्यात आनंद नव्हता. "आजवर कोणाला जमले नाही. शिवाय तो शब्द तू त्याला सांगायचा नाहीस. सांगितलास तर तो तुझा होईल, त्याचा राहणार नाही."

मृणालवती शंख पदरात बांधून परतली. नगरात राज्यारोहणाच्या महोत्सवाची तयारी जोरात चालली होती. सात मजल्यांची कमान उभी राहत होती. ती गल्लोगल्ली गजर शोधत हिंडली. जिथे गजर ऐकू येई तिथे शिपाई उभा असे. देवळापुढे गजर झाला, तोही तालमीचा निघाला. तिने शंख पुढे केला की तो काळा पडे.

मग रंगाऱ्यांच्या आळीत एक प्रसंग घडला. धोंडाई रंगारणीचा नवरा बहिरू याला कमान बांधायला वेठीला धरले होते, आणि तो चौथ्या मजल्यावरून पडला होता. कित्येक दिवस तो अंथरुणात निपचित होता. त्या दुपारी तो कुणालाही न सांगता उठला, भिंत धरून दारापर्यंत आला, आणि त्याने विचारले, "धोंडे, पाणी भरायचं राहिलंय का गं?"

आळीतल्या बायकांनी ते ऐकले. एकीने किंकाळी फोडली, दुसरीने थाळी बडवली, रंगाने निळे झालेले हात हवेत गेले, म्हातारे उंबऱ्यावर उभे राहून ओरडू लागले. कोणी त्यांना ओरडायला सांगितले नव्हते. मृणालवतीने शंख उचलला. तो दुधासारखा पांढरा झाला आणि गजर आत शिरला.

तिच्या पायांतली शक्ती सरली होती. ती तिथेच, धोंडाईच्या ओट्यावर बसली. गर्दी पांगली. धोंडाई आत जाऊन मडके खरवडू लागली, तो आवाज बाहेर येत होता, आणि मृणालवतीला तो ओळखीचा वाटला. ती मान खाली घालून बसून राहिली.

थोड्या वेळाने धोंडाई बाहेर आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"ताईसाहेब ना तुम्ही?"

मृणालवतीने मान वर केली. "हो."

"वाटलंच. दर उत्सवाला लांबून बघते तुम्हाला. मोत्याची नथ असते." धोंडाईने तिच्या फुटलेल्या टाचांकडे पाहिले. "माझा माणूस तुमच्या कमानीवरनं पडला."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असून उपयोग?"

धोंडाई आत गेली. ती आता दार लावून घेईल असे मृणालवतीला वाटले, आणि तसे झाले असते तरी तिला ते गैर वाटले नसते. पण धोंडाई परत आली. तिच्या निळ्या मुठीत जोंधळा होता.

"धरा. उपाशी दिसता."

"तुमच्याकडे उद्याला आहे का?"

"नाही," धोंडाई म्हणाली. "पण राग वेगळा आणि भूक वेगळी. धरा लवकर, नाहीतर हातातच झिजून जायचा."

मृणालवतीने पदर पुढे केला. धान्य पदरात पडले आणि त्यातला एकही दाणा कमी झाला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसायचेही तिच्यात त्राण नव्हते. ती तशीच वाड्यात गेली, मुदपाकखान्यात बसून तिने स्वतःच्या हाताने ते दळले, आणि एक भाकरी थापली.

महोत्सवाच्या दिवशी राजा सोन्याच्या पाटावर बसला. पानात छप्पन पक्वान्ने होती. समोर कनककुंभ होता आणि सेवक सुपांनी मोहरा उधळीत होते. कमानीखाली प्रजा दाटीने उभी होती. शिपायांनी काठ्या उंचावल्या की ती जयजयकार करी.

मृणालवतीने औक्षण केले. मग तबकातली भाकरी उचलून तिने राजाच्या पानात ठेवली.

"ही कसली?" प्रधान शीलभद्र पुढे झाला. "ताईसाहेब, हे शोभत नाही."

"बहिणीने वाढले आहे," ती म्हणाली. "राजाला नको असेल तर तो बाजूला सारील."

मणिध्वजाने घास मोडला. कितीतरी वर्षांनी त्याच्या जिभेला कसली तरी चव लागली. कुंभ आल्यापासून तो जेवत होता, पण त्याचे पोट कधी भरले नव्हते, आणि हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. त्याने दुसरा घास मोडला. मग तिसरा. पक्वान्नांकडे त्याने पाहिलेही नाही.

तेव्हा मृणालवतीने शंख फुंकला. रंगाऱ्यांच्या आळीतला गजर मंडपात घुमला. थाळी वाजली, बायका ओरडल्या, म्हातारे हसले. राजाच्या कानांतला चौघडा थांबला.

"हा गजर कोणाचा?" त्याने विचारले. "माझा नव्हे. माझा असा कधीच झाला नाही."

"एक माणूस तुझ्या कमानीवरून पडला होता, मणी. तो पुन्हा चालू लागला, म्हणून त्याची आळी ओरडली."

"आणि ही भाकरी?"

"त्याच्याच घरची. त्यांचे उद्याचे खाणे तू आता खाल्लेस."

राजाने समोर पाहिले, आणि त्याला शिपायांमागचे चेहरे दिसले. खोल गेलेले डोळे, गळ्याची हाडे, आणि उघड्या तोंडांतून हुकमाने निघणारा त्याच्या नावाचा उच्चार. तो पाटावरून उठला. त्याच्या मनात शब्द आला, पण कुंभाने त्याची जीभ धरली.

"पु..." राजा म्हणाला.

"महाराज 'पुन्हा' म्हणतात!" प्रधान ओरडला. नगारे झडले आणि मोहरा दुप्पट उधळल्या गेल्या. त्याच क्षणी गर्दीतल्या एका बाईच्या झोळीतले पीठ नाहीसे झाले.

"पु... पु..." राजाने कपाळाचा घाम पुसला.

"पुष्पवृष्टी!" प्रधान ओरडला. हत्तींनी सोंडा उचलल्या आणि फुलांचा पाऊस पडला.

मणिध्वजाने वळून बहिणीकडे पाहिले. लहानपणी तापात पडला की तो असाच पाहत असे. तिला तो शब्द सांगता येत नव्हता. ती त्याच्यापुढे नुसती उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर हसली नाही. त्याला तिचे वय दिसले, तिचे सुजलेले मनगट दिसले. त्याने मुकुट काढून पानात ठेवला, कुंभाच्या काठावर दोन्ही हात दाबले, आणि छातीतली सगळी ताकद लावून तो म्हणाला,

"पुरे!"

नगारे थबकले. कुंभ आतून गरम झाला आणि उलटा झाला. सोने वाहू लागले, पण जमिनीला लागताच त्याचे जोंधळे झाले, तेल झाले, मीठ झाले. ते लोकांच्या पायांतून, गल्ल्यांतून वाहत ज्याच्या त्याच्या घरी गेले आणि मडक्यांत शिरले. गावभर मडकी भरण्याचा आवाज येत राहिला. कुंभ रिकामा झाला तेव्हा तो मातीचा होता.

सगळेच काही माघारी आले नाही. उपासाने गेलेली माणसे परतली नाहीत, आणि बहिरूचा एक पाय कायमचा अधू राहिला. जयजयकारही कोणी केला नाही. लोक आपापली मडकी पाहायला घरी पळाले, आणि पाहता पाहता मंडप ओस पडला.

"ताई," मणिध्वज म्हणाला, "ते मला क्षमा करतील का?"

"मला ठाऊक नाही."

"मग आता मी काय करू?"

"कमान उतरव. लाकूड घरांच्या कामाला येईल. मग बाजारात जा आणि माप बरोबर भरते का ते बघत उभा राहा. लोक बोलतील ते ऐकून घे."

तो गेला. पुढे त्याने वेठ बंद केली, हत्ती लाकडे ओढायला दिले, आणि शीलभद्राकडून प्रधानकी काढून घेतली. वर्षातून एकच सण उरला, तोही ज्याच्या त्याच्या घरचा. बाजारातून निघालेला जोंधळा घरी पोचेपर्यंत तेवढाच राहू लागला, आणि त्या राज्यात याहून मोठे आश्चर्य पुन्हा कोणी मागितले नाही.

मृणालवती मात्र त्या दिवशी मंडपातून उठली नाही. माणसे झेंडू खाली काढत होती, दोर सोडत होती, आणि ती खांबाला टेकून बसली होती. पाहता पाहता तिचा डोळा लागला. तोरणे उतरवणाऱ्यांनी तिला पाहिले. ते आवाज न करता, तिला वळसा घालून, काम करीत राहिले.